पोचल्याचा फोन

विमानानं चिकलठाण्याची जमीन सोडली आणि दमयंतीबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. उंचीचं भय नव्हतं हो! त्यांच्या डोळ्यांसमोर होता पुंडलिकनगरच्या घरातला झाडू, आणि तो त्यांच्या सुनेच्या, सावनीच्या हातात होता.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेस्तोवर मागं केर काढायचा नाही, हा बाईंच्या माहेरचा रिवाज. बरं, नुसतं स्टँडवर उतरलं म्हणजे पोचलं, असंही नाही. जिथं जायचं त्या दारात पाऊल पडायला हवं. सावनीला हे सगळं थोतांड वाटे. बाईंचा मुलगा मिहिर कामासाठी दिल्लीला निघाला की त्याची रिक्षा वळायच्या आत ही ओढणी खोचून झाडायला सुरुवात करी. "अहो आई, दोन तासांत पोचतो तो. तेवढ्यात केर काढला म्हणून काय विमान खाली येणार आहे?" विमान कधी खाली आलं नाही, हे खरं. पण बाईंचा जीव दर वेळी टांगणीला लागे.

आज तर पहिल्यांदाच त्या स्वतः विमानात होत्या, दिल्लीच्या लेकीकडे निघालेल्या. त्यात आज नळाचा दिवस. दुष्काळात आठवड्यानं येणारं पाणी! नुसतं झाडून थांबते कसली, अख्खं घर धुऊन काढणार. इतकी वर्षं एका घरात काढली, आज माझ्यासाठी तरी हात आवरेल का पोरगी? बाईंना रडूच आलं.

शेजारी सिल्लोडचे मक्याचे व्यापारी साहेबराव बसले होते. "काय मावशी, घरी काही इसरलं का?"

"झाडू लपवायचा राहिला हो," बाई बोलून गेल्या.

साहेबराव खो खो हसले. "हजार किलोमीटर हाये दिल्ली, पण दोन घंट्याच्या आत उतरवतं बघा. आमची सिल्लोडची येस्टी याच्यापेक्षा लई दमवती."

"दोन तासांत घर दोनदा झाडून होतं," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागल्या.

चाकं जमिनीला टेकली. बाईंनी हात जोडले आणि पट्टा सोडायच्या आधी फोन लावला.

"सावनी, पोचले गं! पाणी आलं का?"

"आलं आणि गेलंही. टाकी भरून ठेवलीय."

"मग... फरशी धुतली असशील?"

"तुम्ही आहात कुठं?"

"विमानात. आत्ताच उतरलं."

"मग पोचले काय म्हणता, आई?" सावनी वैतागून म्हणाली. "ताईंच्या दारात पाऊल टाका आणि मग फोन करा. आणि जरा लवकर जा हो, सकाळपासून घर तसंच पारोसं पडलंय!"