उलटी गाठ
नवऱ्याने चाळीस वर्षं टोकियोतली ही जुनी बाग राखली, पण तोमिए पहिल्यांदा आली ती त्याच्या वर्षश्राद्धाला. सवयीने डबा फडक्यात बांधून आणला होता. चहाघराच्या वाटेवर काळ्या दोरीने बांधलेला दगड होता, म्हणजे पुढे जायचं नाही. तिथेच मुकादम कामगारावर खेकसत होता, "कुराता, गाठ उलटी आहे! डावखुरा आहेस का?" "नाही साहेब. मला शिकवणारे काका डावखुरे होते. शेजारी बसून बघितलं, तेच वळण लागलं हाताला." "सोड आणि नीट बांध." कुराता दोरीला हात घालणार तोच तोमिए म्हणाली, "राहू द्या की हो! वाट बंद आहे, कळलं मला." हातातला डबा तिने दगडाशेजारी टेकवला. डावखुऱ्या नवऱ्यासाठी मारायची तशीच, फडक्याची गाठही उलटी होती. कुराताने दोन्ही गाठी निरखून पाहिल्या. "काकू," तो म्हणाला, "काकांच्या डब्याला फार उशीर केलात."