उघडं पोर्ट

थोर्कीलने चष्मा कपाळावर ढकलला आणि स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. इंटरनेट कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं ते खरंच होतं. विगोच्या कॉम्प्युटरचं एक पोर्ट, आत यायचं ८०८० नंबरचं दार, बाहेरच्या जगाला सताड उघडं होतं.

"सगळा जन्म बंदरावर काढलास," थोर्कील म्हणाला, "आणि घरातलं पोर्ट उघडं आहे हे सांगायला पत्र यावं लागलं."

विगोला हसू आलं नाही. पत्र आल्यापासून त्याला धड झोप नव्हती. गेल्याच महिन्यात लेमविग गावात तीन घरं फुटली होती. तिन्ही म्हाताऱ्यांची, तिन्ही भरदिवसा, घरातली माणसं बाहेर गेलेली असताना. चोरांना वेळा कशा कळतात, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

थोर्कीलने चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली होती. गावात कुणाचंही यंत्र अडलं की त्यालाच बोलावणं जायचं. त्याने कॉम्प्युटर तपासला, भिंतीवरचा राउटर तपासला. हे पोर्ट चुकून उघडं राहिलेलं नव्हतं. कुणीतरी नीट विचार करून उघडलं होतं, त्याला दीड वर्ष झालं होतं. त्यामागे एक छोटा प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू होता.

तू काही बसवलं होतंस का, असं त्याने विचारलं. विगोला हवामान बघण्यापलीकडे त्या यंत्रातलं काही येत नव्हतं. कॉम्प्युटर होता बिर्थेचा, त्याच्या बायकोचा. संध्याकाळच्या शाळेत ती मोठ्या माणसांना हेच शिकवायची. मग तिचं विसरणं वाढत गेलं, आणि दीड वर्षापूर्वी तिला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं.

विगो रोज तीन वाजता तिला भेटायला जायचा. ती त्याला ओळखत नव्हती. खिडकी दुरुस्त करायला आलेला माणूस समजून ती त्याच्याशी अदबीने बोलायची. सुरुवातीला तो आपलं नाव सांगायचा. "विगो तर घरी आहेत," असं ती ठामपणे म्हणायची आणि बिथरायची. मग त्याने नाव सांगणं सोडून दिलं. तासभर बसायचं, ती देईल त्या दिवशी तिचा हात हातात घ्यायचा, आणि उठायचं.

"हे बघ," थोर्कीलचा आवाज बदलला होता. नोंदींची एक लांबच लांब यादी त्याने उघडली होती. कुणीतरी रोज या पोर्टातून आत येत होतं. दुपारी बाराला यायचं, पाऊण तासाने जायचं. एक दिवस चुकलेला नव्हता. नाताळचाही नाही.

"काय नेतं?"

"नेत काही नाही. बघतं."

थोर्कीलने कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्याकडे मान वळवली. त्याचा बारीक हिरवा दिवा लागलेला होता. तो दिवा म्हणजे यंत्र चालू असल्याची खूण, असं विगो इतके दिवस धरून चालला होता. कॅमेऱ्याचं तोंड जेवणाच्या टेबलाकडे होतं. रोज बाराला तो तिथेच बसायचा. काळ्या पावावर हेरिंग मासा घ्यायचा, एकटाच चावत राहायचा. कधी बिर्थेच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायचा. कधी रडायचाही.

ते सगळं कुणीतरी दीड वर्ष बघत होतं. विगोच्या अंगावर काटा आला, आणि त्यामागोमाग लाज आली. कोण असेल, असं त्याने विचारलं. येणारा पत्ता मोबाइल कंपनीचा होता, एका पत्त्याआड हजारो माणसं. त्यातला एक शोधणं म्हणजे समुद्रात सांडलेलं मीठ वेचणं, असं थोर्कील म्हणाला. तू कधी जेवतोस, कधी बाहेर पडतोस, एवढंच बघत असणार ते चोर.

"बंद कर," विगो म्हणाला. "मुळापासून."

थोर्कीलने प्रोग्रॅम काढून टाकला, पोर्ट बंद केलं आणि कॅमेऱ्याची वायरही उपटली. हिरवा दिवा विझला. तो शुक्रवार होता.

त्या संध्याकाळी विगोला ताप भरला. आजारी माणसाने येऊ नये असा वृद्धाश्रमाचा नियम होता, म्हणून शनिवार-रविवार तो अंथरुणातच पडून राहिला. सोमवारी ताप उतरला, तसा तीनच्या ठोक्याला तो टेकडी चढून गेला.

मेटे नावाची नर्स दारातच भेटली. बिर्थेने दोन दिवसांत अन्नाला तोंड लावलं नाही, असं तिने सांगितलं. कपाटातला काळा पोशाख हट्टाने काढायला लावला होता. का, ते कुणाला कळत नव्हतं.

बिर्थे खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर तिचा जुना टॅब्लेट. कितीतरी महिन्यांत तिचा चेहरा इतका शांत, इतका शुद्धीवर दिसला नव्हता. विगोला पाहून ती बाजूला सरकली.

"या, बसा," ती म्हणाली. "आमचे हे गेले हो."

विगो तिच्या शेजारी बसला. "कधी?" त्याने विचारलं.

"शनिवारी. घर सोडायच्या आधी मीच हे जोडून ठेवलं होतं. रोज बाराला ते तिथे टेबलाशी बसायचे, मी इथे. त्यांनी घास घेतला की मी घ्यायची." तिने टॅब्लेट त्याच्याकडे वळवला. काच काळी होती. "शनिवारी ते आलेच नाहीत. कालही नाहीत, आजही नाहीत. बावन्न वर्षांत माझ्याशिवाय कधी जेवले नाहीत ते. तुम्ही ओळखत होता का त्यांना?"