आळशी हात

१९६८ साली, बाळंतपणानंतरच्या पाचव्या सकाळी, तिने मुलीचं दुपटं पुन्हा सोडायला घेतलं.

"परत?" सासूबाई खाटेशी डबा ठेवत म्हणाल्या. "मावशींनी आत्ताच तर बांधलंय. बाळ आहे ते, घडीघडीला उघडून बघायला गाठोडं नव्हे."

वॉर्डात बारा पाळणे होते आणि बाळं गुंडाळण्यात तिथल्या आयाबाईंचा, मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. डॉक्टरांच्या फेरीआधी बाराही बाळं गळ्यापासून पायांपर्यंत घट्ट बांधून तयार असत. बाहेर नुसते चेहरे. डॉक्टर चेहरे बघत, बाळंतिणींना "दूध येतंय ना?" विचारत आणि दहा मिनिटांत पुढे जात. साडेनऊ पौंडांची ही मुलगी तर सगळ्यात शहाणी ठरली होती.

दुपटं सुटलं तशी मुलीने आळस दिला. डावी मूठ कानापाशी गेली. उजवा हात कुशीला सरळ पडून राहिला, तळवा मागे वळलेला.

"कालही असंच. परवाही."

"आळशी आहे तो हात," मावशी पलीकडच्या पाळण्यावरून म्हणाल्या. "अंग पुसताना रोज बघते की मी. बापावर गेलाय."

"बापाला मध्ये आणू नका," सासूबाई म्हणाल्या, पण हसल्या. मग सुनेकडे वळल्या. "तुला झोप नाही, म्हणून हे सुचतंय. बाकीची बाळं बघ कशी गप आहेत."

"बांधलीयेत म्हणून गप आहेत."

ती उठली. टाके ओढले गेले तशी बसली, पुन्हा उठली. शेजारच्या पाळण्यापाशी गेली.

"तुमच्या बाळाचं जरा सोडू?"

शेजारीण गोंधळली. "सोडा की," म्हणाली.

"अहो, दुसऱ्याचं बाळ ते," मावशी हातातलं काम टाकून निघाल्या. तोवर तिने ते मोकळं केलं होतं. मग डब्याचं झाकण उचललं आणि फरशीवर टाकलं.

शेजारच्या बाळाचे दोन्ही हात झटक्यात हवेत गेले. तिच्या मुलीचा एकच गेला.

वॉर्डभर रडारड सुरू झाली. आवाजाने मोठ्या सिस्टर प्रसूतीच्या खोलीतून धावत आल्या. मुलगी त्यांच्याच हातून जन्मली होती. त्यांनी दोन उघडी बाळं पाहिली आणि थेट तिच्या मुलीच्या पाळण्याशी आल्या.

"सिस्टर, हा हात जन्मापासून असाच आहे का?"

सिस्टरांनी मुलीच्या उजव्या तळव्यात बोट ठेवलं. बोटं हळूच मिटली. कोपर जागचं हललं नाही.

"डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला," त्या म्हणाल्या. "निघेना. मी ओढलं."

"कागदावर तर सगळं ठीक लिहिलंय."

"लगेच रडली, रंग चांगला होता. तेवढंच लिहिलं."

"ओढलं नसतं तर?"

"गेली असती."

"मग पाच दिवस बोलला का नाहीत?"

सिस्टरांनी बोट तसंच ठेवलं. "रोज वाटायचं, आज हलेल."

मावशी दुपटं घेऊन पुढे झाल्या. सिस्टरांनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं. "राहू द्या. डॉक्टर जिन्यात असतील. त्यांना हे असंच दाखवायचंय."

डॉक्टरांनी तपासलं. खांद्यापाशी हाताच्या नसा ताणल्या गेल्या होत्या. सिस्टरांनी त्याच दुपारी झालेलं सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली. महिन्याभरात त्यांची दुसरीकडे बदली झाली. मावशी निवृत्त होईपर्यंत बाळांचे हात बाहेर ठेवून बांधत राहिल्या, आणि वॉर्ड पूर्वीसारखा शांत राहिला नाही म्हणून कुरकुरत राहिल्या. सासूबाईंनी दोन वर्षं रोज सकाळी नातीच्या हाताचा व्यायाम करून घेतला, मोठ्याने आकडे मोजत. तो "आळशी" शब्द घरात कोणाला वापरू दिला नाही.

हात खांद्यापर्यंत येऊ लागला. त्याच्या वर कधी गेला नाही.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिची वेणी मुलगी घालते. स्वतः खुर्चीत बसते, आईला समोर बुटक्या स्टुलावर बसवते.

"अजून जरा खाली हो," ती म्हणते, आणि आई मान झुकवते.