चौथा खण

"हा ‘ड’ माझा नाही."

सासऱ्यांनी एक्केचाळिसाव्या पानाचं प्रूफ खिडकीजवळ नेऊन भिंगाखाली धरलं होतं. सून संगणकासमोरून उठली नाही. बाकीची सगळी पानं त्यांनी पसंत केली होती. पुस्तक पाचला छपाईला जायचं होतं आणि घड्याळात साडेतीन झाले होते.

"तुमचाच आहे, बाबा."

"माझ्या ‘ड’चं पोट असं ओघळत नाही. याला कुणीतरी ढकललंय."

ढकललं होतं सॉफ्टवेअरने. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फॉन्टला चार खण असतात: साधा, ठळक, तिरका आणि ठळक-तिरका. चाळीस वर्षं एका दैनिकाचे मथळे हाताने काढणाऱ्या सासऱ्यांनी आपल्या अक्षरांचे पहिले तीन प्रकार कागदावर काढून दिले होते. सुनेने दोन वर्षं संध्याकाळी बसून त्यांचे फॉन्ट केले आणि आज सकाळी ते एकेका खणात बसवले. चौथा खण रिकामाच राहिला. खण रिकामा दिसला की सॉफ्टवेअर काही विचारत नाही. ठळक अक्षर उचलतं, उजवीकडे कलतं करतं आणि मोकळं होतं.

"चौथा प्रकार का नाही काढलात?"

"जो ओरडतो तो वाकत नाही. दोन्ही एकदम लागतील असं कोण शहाणा लिहितो?"

लेखिकेने लिहिलं होतं, सबंध पुस्तकात एकदाच. सायकल शिकणारी मुलगी, मागून सीट धरून धावणाऱ्या बापाला सांगते, "सोड!" तेवढा एक शब्द.

सुनेने लेखिकेला फोन लावला. नुसता ठळक ठेवला तर चालेल का?

"ओरडतेय म्हणून ठळक आणि वेगात आहे म्हणून तिरका," लेखिका म्हणाली. "दोनातलं एक काढलंत तर पोरगी पडेल माझी."

आवाज ऐकून छापखान्याच्या मालकीणबाई दारात आल्या. प्रकरण ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "एका शब्दावरून?"

"शेवटच्या पानावर ‘अक्षरं अमक्याची’ म्हणून छापताय ना?" सासरे म्हणाले. "ते नाव काढा. तुमचा रोजचा फॉन्ट लावा. तो बिचारा कसाही वाकतो."

"लावते की. माझं काय जातंय? पाचला फाईल हवी, एवढंच मला कळतं. नाही आली तर रोजचा."

बाई गेल्या. सुनेने पडद्यावर तो रिकामा चौथा खण उघडला. दोन वर्षांच्या संध्याकाळी आणि या अक्षरांचं पहिलं पुस्तक. मग ती खुर्चीसकट गर्रकन वळली.

"बाबा, त्या खणात अख्खी मुळाक्षरं असलीच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? जेवढी टाकू तेवढी तो घेईल. आपल्याला ‘स’ हवा, ‘ड’ हवा, एक ओकार आणि उद्गारचिन्ह. चार नग."

"चार नगांचा फॉन्ट?"

"चारच."

"लोक हसतील."

"लोकांना दिसणारसुद्धा नाही."

सासरे भिंग पुसत उभे राहिले. पुसायची गरज नव्हती. "अख्ख्या मथळ्याला मला वीस मिनिटं मिळायची," ते म्हणाले. "कागद आण."

पहिला ‘ड’ त्यांनी फाडला. दुसराही फाडला. तिसऱ्याला खांदा इतका कलला की सून हसली.

"बाबा, तुम्हीपण तिरके झालात."

"ठळकही झालोय. तुझ्या हातचं खाऊन. गप बस आता."

‘ड’ जमल्यावर ‘स’ला वेळ लागला नाही. ओकार एका झटक्यात आला. उद्गारचिन्हाचा ठिपका मात्र त्यांनी चार वेळा काढला, कारण तिरक्या रेघेखाली तो नेमका कुठे पडेल हे त्यांना आधी कधी ठरवावं लागलं नव्हतं. सव्वाचारला सुनेने कागद स्कॅनरवर ठेवला. कडा उमटवून घेतल्या, चार आकार चार जागांवर बसवले, फॉन्टला इतर तीन प्रकारांचंच नाव दिलं आणि चौथ्या खणात सोडला. शिरोरेषा केसभर खाली आली होती. ती वर घेतली. पुन्हा खाली गेली. पुन्हा वर घेतली.

चार बावन्नला पान छापून आलं. बाई पुन्हा दारात उभ्या होत्या, या वेळी घड्याळाकडे न बघता. सासऱ्यांनी पान खिडकीशी नेलं, भिंग टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"बोला काहीतरी," सून म्हणाली.

"हा माझा."

"मग पाठवू का?" बाईंनी विचारलं.

"अजून पाठवली नाहीत?"

चार छप्पन्नला फाईल गेली. बाई जाता जाता म्हणाल्या, "नाव ठेवलंय हो शेवटच्या पानावर. काढलंच नव्हतं." सुनेने बोटं मोडली, दिवसात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. बोरूची करकर ऐकू आली तेव्हा तिने ते उघडले.

सासरे टेबलाशी वाकून बसले होते. पुढ्यात कोरा कागद होता. आता तो कोरा राहिला नव्हता.

"बाबा, पुस्तक गेलं."

"गेलं ना? मग आता घाई नाही." त्यांनी कागद हलकेच तिच्याकडे सरकवला. "‘क’ ओला आहे, जपून उचल."

आणि दुसरा कागद घेऊन ते ‘ख’ काढायला लागले.