ट्रॅक्टरचा फेटा

दसऱ्याला निरवांगीच्या मानसिंगरावांनी ट्रॅक्टर पुजला आणि बॉनेटवरच्या ज्या टोपीतून इंजिन हवा ओढतं, तिलाच हौसेनं भरजरी फेटा बांधला. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला, चढाला दमायला लागला आणि डिझेल मात्र दुप्पट प्यायला लागला.

"आबा, फेटा सोडा. इंजनाला हवाच मिळंना," ड्रायव्हर अविराज म्हणाला.

"डिझेल तू चोरतोस आन् दोष फेट्याला देतोस व्हय?" मानसिंगरावांनी त्याला घरी बसवलं, टाकीला कुलूप लावलं आणि ट्रॅक्टर स्वतः चालवायला घेतला.

डिझेल अजूनही तेवढंच जातं.



कालपासून ते बायकोशी बोलत नाहीत. कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडं असते.