आभाराचं पान

रावपुऱ्यातल्या खोलीत बसून सौमित्रने वीस वर्षांत लोकांना तेवीस प्रबंध लिहून दिले, कोळंबीच्या शेतीपासून कादंबरीपर्यंत. "आभाराचं पानही तुम्हीच लिहा," म्हणून गिऱ्हाइकं मोकळी व्हायची. मग दुसऱ्यांच्या बायकांचे आभार मानताना तो आपली बायको नयनाच डोळ्यांसमोर आणायचा, त्याचं किरटं अक्षर लावत टाइप करणारी.

नयना गेली. तिच्या हट्टापायी नोंदवलेला स्वतःचा प्रबंध त्याने मग एकट्याने पुरा केला.

गाइडबाईंनी तपासणीचा अहवाल पुढे सरकवला. "सौमित्रभाई, प्रबंध स्वच्छ आहे. फक्त आभाराचं पान बदला. ते कोळंबीवरच्या कुठल्याशा प्रबंधातून शब्दन्‌शब्द उचललेलं निघालंय."

त्याने अहवाल पिशवीत घातला.

"निदान बायकोबद्दल तरी," बाई म्हणाल्या, "माणसाने स्वतःचं लिहावं."