आबांचा अभिप्राय

चंचलने साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणलेला रेकॉर्ड प्लेअर खाटेवर ठेवला आणि प्लगची जागा शोधू लागला. भाईदास भिंतीला टेकून बसला होता. आज कारखान्याला, त्यांच्या बोलीत खात्याला, सुटी होती. लिंबायत वस्तीतल्या त्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरातला कोणी ना कोणी सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होता. भाईदास तर सव्वीस वर्षं.

"आबा, लखनची रेकॉर्ड आहे," चंचल म्हणाला. "दुकानात राहून गेली होती."

लखन आणि चंचल एकाच दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. लखन चार दिवसांच्या तापात गेला, त्याला आता सहा महिने झाले होते. भाईदास त्या दिवशी रडला नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, बापाची छाती दगडाची आहे. दगडबिगड काही नव्हतं. बधिर पायाला चिमटा काढावा तसं झालं होतं. दिसत होतं सगळं, लागत काहीच नव्हतं.

रेकॉर्डचं कव्हर काळं होतं. रेकॉर्ड अमेरिकेतल्या कुठल्याशा बँडची. कोण्या पटेलांचा पुतण्या तिकडून घेऊन आला आणि जाताना प्लेअरसकट दुकानात टाकून गेला. चंचलने कव्हरमधून वहीचा एक कागद काढला.

"आमचा नियम होता, आबा. ज्याने ऐकली, त्याने अभिप्राय लिहायचा. फुकट ऐकायचं नाही."

तो वाचून दाखवू लागला. दुकानातल्या किसनने लिहिलं होतं, गाणारा रडतो आहे की शिव्या देतो आहे, समजत नाही. लखनच्या बहिणीने, जयश्रीने लिहिलं होतं, ढोल चांगला, बाकी डोकं उठलं. स्वतः चंचलचं मत असं की आवाज फार, पण शेवटचं गाणं एक नंबर.

भाईदास त्याच्या ओठांकडे बघत होता. खात्यातल्या खडखडाटात कोण कोणाचं ऐकतो? तिथे सगळे ओठच वाचतात. कान कधी गेले ते त्याचं त्यालाही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्याने कोणाला कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करणारे घरोघरी असतात. हा न ऐकता ऐकल्यासारखं करायचा. जमलं नाही की खेकसायचा. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा तिरसट म्हणवून घेणं त्याला परवडलं.

चंचलने एक ओळ गाळली आणि तो कागदाची घडी करू लागला. भाईदासने हात पुढे केला. द्यावाच लागला.

लखनचं अक्षर लगेच ओळखू आलं. 'दहा वेळा ऐकली. आबांना तीनदा बोलावलं, आले नाहीत. मी काय ऐकतो, काय करतो, त्यांना कशातच रस नाही.' त्याच्या खाली लखननेच 'आबा' असं लिहून पुढे जागा सोडली होती.

भाईदासने ती ओळ दोनदा वाचली. तीनदा बोलावलं होतं, खरं होतं. तिन्ही वेळा त्याने "काम शे" म्हणून तोंड फिरवलं होतं. लखन बोलला तर समजायचं, पण रेकॉर्डला कुठे ओठ असतात? पोरगा ती जागा रिकामी सोडून गेला होता आणि बापाबद्दल चुकीचं समजून गेला होता. ते आता कोण निस्तरणार?

"लाव," तो म्हणाला. "शेवटलं गानं लाव."

चंचलने सुई ठेवली. त्याची बायको प्रमिलाबाई चुलीपाशी बसली होती, तिने पदर कानांवर ओढून घेतला. भाईदास रेकॉर्डकडे बघत बसला. सांचा फिरतो आहे तोवर कापड निघतं आहे, हे त्याला सव्वीस वर्षांत पाठ झालं होतं. रेकॉर्ड फिरते आहे तोवर गाणं चालू असणार. त्याने मान डोलवायला सुरुवात केली. मध्येच मांडीवर हातही मारला. आता चांगलंसं काहीतरी सांगायचं, म्हणजे पोराच्या कागदावर आपली ओळ लागेल. काय सांगावं? ढोल चांगला, हे जयश्रीने सांगून टाकलं होतं.

रेकॉर्ड फिरत राहिली. तो डोलत राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने वर पाहिलं. चंचल प्लेअरकडे बघत नव्हता, त्याच्याकडे बघत होता. प्रमिलाबाईचा पदर कानांवरून खाली आला होता. ती उठली, त्याच्यासमोर येऊन बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"गानं सरी गयं. मी तुमले तीनदा हाका मारल्या."

भाईदासची मान थांबली. त्याला वाटलं होतं, हा दिवस आला तर मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसं काहीच झालं नाही. पोर गेल्यावर लाज तरी कुठून उरणार?

चंचलने सुई उचलली. खिशातलं पेन काढून 'आबा'च्या पुढे टेकवलं. मग तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "आबा, काय लिहू?"

"लिख, माले ऐकू येत नई."

चंचलने लिहिलं. त्याच्यापुढे तो आजची तारीख घालू लागला, तेव्हा भाईदासने त्याचं मनगट धरलं.

"तारीख मागली टाक," तो म्हणाला. "लखन व्हता तव्हयनी."